जहाजाच्या राजकारणात गेले, मग गोन्सालो गार्सिया रक्तसाक्षी कसे?

ताई, तुमचा मुलगा दृढीकरणाच्या वर्गात आहे. जपानमध्ये १५९७ साली आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सियांना मारलं ते एका स्पॅनिश जहाजावरून उठलेल्या भांडणापायी, धर्माचा त्यात संबंध नव्हता, असं त्यानं कुठंतरी वाचलं. आता तो तुम्हाला विचारतो की मग त्यांना रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी प्राण देणारे, का म्हणायचं? शिवाय ते अर्धे पोर्तुगीज, मग आपले कसे? त्याला काय उत्तर द्यावं हे तुम्ही मला विचारलंत.

पहिली विनंती ही की मुलाला गप्प करू नका. वसईत मी अठ्ठावीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतोय, आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादं तरी पोर हा प्रश्न विचारतं. तो विचारणारं पोर बहुधा वर्गातलं सगळ्यांत लक्ष देऊन ऐकणारं असतं. जहाजाची गोष्ट खोटी नाही. ती खरी आहे, आणि ती मोकळेपणानं सांगितल्याशिवाय या रक्तसाक्ष्याची थोरवी नीट कळतच नाही, असं माझं मत आहे.

आधी "आपले कसे" ते पाहू. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगिजांना दिली. त्यानंतर वीसेक वर्षांनी, १५५६-५७च्या सुमारास, गोन्सालो इथं जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, वसईची. किल्ल्यात येशूसंघीयांची, म्हणजे जेझुइटांची, शाळा होती, तिथं ते शिकले. त्या येशूसंघीय चर्चचा दर्शनी भाग खांबांसकट आजही किल्ल्यात उभा आहे आणि आपल्याकडे लोक त्याला गोन्सालो गार्सियांचंच चर्च म्हणतात. मी दर वर्षी मुलांना तिथं नेतो. उन्हात तापलेल्या त्या दगडाला हात लावायला सांगतो आणि म्हणतो, तुमच्याएवढाच एक मुलगा याच आवारात पाटी घेऊन बसत होता. एकदा एका मुलानं विचारलं, "सर, तो घरी आपल्यासारखंच बोलायचा का?" आई इथली म्हटल्यावर कानावर पडलेली पहिली भाषा इथलीच असणार, असं मी त्याला सांगितलं. ते उत्तर त्या मुलाला पुरलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

अल्फोन्सा सिस्टरना २००८ साली संतपद मिळालं तेव्हा बऱ्याच ठिकाणी "पहिल्या भारतीय संत" असं छापून आलं. त्या पहिल्या भारतीय स्त्री संत आहेत, आणि त्यांचा मान मोठाच आहे. पण भारतात जन्मलेल्या वसईच्या या मुलाला रोममध्ये संत म्हणून जाहीर केलं ते १८६२ साली. मुलाला हे सन पाठ करायला लावा. अर्धे पोर्तुगीज असण्याचा फायदा त्यांना हयातीत काही झाला नाही, तोटा मात्र झाला. तो पुढं येतोच.

पंधरा-सोळा वर्षांचे असताना, १५७२ साली, ते सेबास्तियांव गोन्साल्वीस या येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथं धर्मशिक्षक म्हणून त्यांनी काही वर्षं काम केलं आणि जपानी भाषा अशी आत्मसात केली की पुढचं सगळं आयुष्य त्या भाषेवरच उभं राहिलं. येशूसंघात बंधू म्हणून दाखल व्हावं ही त्यांची फार इच्छा. ती पुरी झाली नाही. त्या काळी पूर्वेकडे जन्मलेल्या, मिश्र रक्ताच्या मुलांना संघात घ्यायला वरिष्ठ कचरत, हे इतिहासात नोंदलेलं आहे. अर्धं रक्त पोर्तुगीज असूनही दार उघडलं नाही ते असं. गोन्सालो मग व्यापारात पडले. जम बसला, पैसा मिळाला. पुढं मनिलात गेले, तिथं फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संन्यस्त संघाच्या बंधूंच्या संगतीत आले, जमवलेलं सोडून दिलं आणि १५८७-८८च्या सुमारास साधे बंधू म्हणून त्या संघात दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत. हे मी मुलांना मुद्दाम दोनदा सांगतो, कारण आपल्याकडे त्यांचा "फादर गोन्सालो" करून टाकायची सवय आहे. ते "ब्रदर" होते, स्वयंपाकघरात आणि रुग्णालयात राबणारे.

आता दुभाष्याचं काम. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी त्या सुमारास कोरियावर स्वारी करत होता, आणि फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानंही आपलं स्वामित्व मानावं असा निरोप त्यानं मनिलाला धाडला होता. गव्हर्नरानं १५९३ साली उत्तरादाखल फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बातिस्ता यांना वकील म्हणून पाठवलं. बरोबर जपानी येणारा माणूस हवा, म्हणून गोन्सालो. क्यूशू बेटावरच्या नागोया नावाच्या लष्करी तळावर हिदेयोशीची भेट झाली. एकीकडे मांडलिकी मागणारा सम्राटासारखा माणूस, दुसरीकडे मैत्री हवी पण मांडलिकी नको म्हणणारा गव्हर्नर, आणि दोघांच्या मधोमध वसईचा हा बंधू, ज्याचा एक शब्द वाकडा गेला तरी डोकी उडाली असती. भेट निभावली. बंधूंना क्योतोत राहायची परवानगी मिळाली, जागा मिळाली. १५९४ साली तिथं चर्च उभं राहिलं आणि शेजारी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालयं. ज्या शहरात त्या रोग्यांना कोणी उंबऱ्याशी उभं करत नसे, तिथं बंधू त्यांचे पाय धूत होते. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा म्हणजे प्रामुख्यानं गोन्सालो.

पण एक गोष्ट झाकू नका. हिदेयोशीनं १५८७ सालीच परदेशी धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो कडकपणे अमलात आला नव्हता, तरी मागेही घेतला नव्हता. येशूसंघीय त्यामुळे जपून, दबून काम करत होते. फ्रान्सिस्कन मात्र वकिलातीच्या नात्यानं आले आणि उघड मिस्सा करू लागले, उघड प्रवचनं देऊ लागले. जपानचं मिशन येशूसंघीयांनीच चालवावं असं पोप तेरावे ग्रेगरी यांचं १५८५चं पत्र होतं, म्हणून दोन संघांत कुरबुर होतीच. पोर्तुगीज एकीकडे, स्पॅनिश दुसरीकडे, हा ताणही त्यात होता. आपलीच माणसं आपसांत भांडत होती हे सांगायला मला जड जातं, पण सोळा वर्षांच्या मुलापासून ते लपवलं तर तो उद्या दुसरीकडे वाचेल आणि मग आपल्या इतर शब्दांवरही विश्वास ठेवणार नाही.

आणि आता ते जहाज. त्याचं नाव 'सान फेलिपे'. मालानं गच्च भरलेलं हे स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदराकडे निघालं होतं. वादळांनी मोडकळीला येऊन १५९६च्या ऑक्टोबरात ते शिकोकू बेटावर, तोसाच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीला पैशाची निकड होती. कोरियाच्या मोहिमेनं तिजोरी पोखरली होती आणि नुकत्याच झालेल्या भूकंपानं त्याचा फुशिमीचा किल्ला जमीनदोस्त केला होता. त्यानं माल जप्त केला. त्यानंतरची गोष्ट अशी सांगतात की जहाजाच्या सुकाणूवाल्यानं जपानी अधिकाऱ्याला दरडावण्यासाठी जगाचा नकाशा पसरला, स्पेनच्या राजाचे मुलूख दाखवले आणि म्हणाला, आधी धर्मगुरू जातात, मग सैन्य जातं. स्पॅनिशांनी हे नाकारलं आणि उलट पोर्तुगिजांनीच हिदेयोशीचे कान भरले असं म्हटलं. दोन्ही बाजूंचे कागद आहेत, दोन्ही बाजूंचा राग त्यांत उतरलेला आहे. त्या वाक्याच्या खरेखोटेपणावर मी माझ्या मुलांची श्रद्धा टांगत नाही. एवढं नक्की की हिदेयोशी भडकला, आणि डिसेंबरात क्योतो-ओसाकातल्या बंधूंच्या घरांना पहारे बसले.

म्हणजे तुमच्या मुलानं वाचलेलं अर्धं बरोबर आहे. ठिणगी जहाजानं पडली. पण जळलं काय, ते बघायला हवं.

कोणाला मारलं ती यादी त्याच्यासमोर ठेवा. एकूण सव्वीस. त्यांत जहाजावरचा माणूस एकच, फेलिपे दे जेझूस, मेक्सिकोचा तरुण फ्रान्सिस्कन, गुरुदीक्षेसाठी घरी निघालेला. जहाजाचा कप्तान, खलाशी, व्यापारी आणि तो बढाया मारणारा सुकाणूवाला यांतला एकही क्रूसावर नाही. भांडण जहाजाचं असतं तर आधी त्यांची मुंडकी उडायला हवी होती. सव्वीसांत फ्रान्सिस्कन सहा, येशूसंघीय तीन, तिघंही जपानी. उरलेले सतरा प्रापंचिक ख्रिस्ती, कोणी धर्मशिक्षक, कोणी सुतार, कोणी धनुष्यं बनवणारा, कोणी स्वयंपाकी. क्योतोतल्या सुताराचा स्पेनच्या आरमाराशी काय संबंध?

त्यातल्या मातियासची हकिकत मुलांना फार लागते. शिपाई बंधूंच्या घरी नावं वाचत आले. मातियास नावाचा माणूस त्या वेळी घरात नव्हता. शेजारी राहणारा दुसराच मातियास आवाज ऐकून बाहेर आला. म्हणाला, माझंही नाव मातियास, मीही ख्रिस्ती, माझ्यानं चालत असेल तर मला न्या. शिपायांना आकडा भरायचा होता, त्यांनी नेलं. वाटेत कैद्यांची सेवा करत चालणारे आणखी दोघं असेच त्यांच्यात गणले गेले. राजकीय गुन्हेगारांच्या रांगेत कोणी आपणहून जाऊन उभं राहत नाही.

आणि सगळ्यांत पक्का पुरावा बारा वर्षांच्या लुईस इबाराकीचा. नागासाकीत शिक्षा अमलात आणणारा अधिकारी तेराझावा हान्झाबुरो त्या पोराला पाहून कळवळला. धर्म सोड, तुला जिवंत ठेवतो, असं तो म्हणाला. लुईसनं नकार दिला. लवकर संपणाऱ्या जगण्यासाठी न संपणारं जीवन द्यायचं हा सौदा मला पटत नाही, अशा अर्थाचं त्याचं उत्तर नोंदलेलं आहे. ताई, इथं थांबा आणि मुलाला विचारा की गुन्हा जहाजाचा असता, तर धर्म सोडल्यानं तो कसा माफ झाला असता? माझ्या वर्गात या प्रश्नानंतर बराच वेळ कोणी बोलत नाही.

संत ऑगस्टीन यांचं म्हणणं असं की यातनांमुळे कोणी रक्तसाक्षी होत नाही, कारणामुळे होतो. म्हणून धर्मसभा दोन गोष्टी तपासते. मारणाऱ्यानं कशासाठी मारलं, आणि मरणाऱ्यानं कशासाठी मरण पत्करलं. मारणाऱ्याच्या मनात दहा हेतू असू शकतात. लोभ असेल, भीती असेल, दरबारातलं राजकारण असेल. येशूला क्रूसावर देणाऱ्या पिलाताच्या मनात तरी एकच हेतू होता का? पण श्रद्धेचा द्वेष त्या दहांत असला आणि मरणाऱ्यानं श्रद्धेसाठी मरण स्वीकारलं, तर ती साक्ष रक्ताचीच. हिदेयोशीच्या बाबतीत तर अंदाज बांधायची गरज नाही. कैद्यांपुढं फळीवर लिहिलेला हुकूम मिरवला गेला. त्याचा मतितार्थ असा होता की हे लोक लुझोनहून, म्हणजे फिलिपिन्सहून, वकील म्हणून आले, क्योतोत राहिले आणि मी पूर्वी मनाई केलेला धर्म शिकवत राहिले, म्हणून यांना नागासाकीत क्रूसावर द्या. दंडपत्रात लिहिलेला गुन्हा धर्म शिकवण्याचा आहे. १५८७ची मनाई ठाऊक असून गोन्सालो जपानला परतले होते. व्यापारी म्हणून मनिलात सुखानं म्हातारे झाले असते.

शिक्षेची सुरुवात ३ जानेवारी १५९७ला क्योतोत झाली. हुकूम नाक आणि दोन्ही कान कापायचा होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्यानं तो सौम्य करून डाव्या कानाची पाळी कापण्यावर आणला. मग बैलगाड्यांवर बसवून शहरातून धिंड काढली. ओसाका, साकाई, आणि तिथून भर थंडीत नागासाकीपर्यंत जवळजवळ महिनाभराची वाट. रस्त्यात ठिकठिकाणी लोकांना दाखवत नेलं, दहशत बसावी म्हणून. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी वडिलांबरोबर चालत होता. मिहारा इथं त्यानं आईला पत्र लिहिलं, आमच्यासाठी रडू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, असं. ते पत्र पोचलं नाही. वडिलांचा मृतदेह खाली काढला तेव्हा ते त्यांच्या कपड्यांत रक्तानं माखलेलं सापडलं. मी हे वाचून दाखवायला लागलो की आजही माझा आवाज अडकतो, आणि मी तो अडकू देतो.

५ फेब्रुवारीला ते नागासाकीत पोचले. निशिझाका टेकडीवर क्रूस आधीच जमिनीवर मांडून ठेवले होते. आपल्याकडच्या पुष्कळ चित्रांत गोन्सालोंच्या हाता-पायांत खिळे दाखवतात, ते चूक आहे. जपानी पद्धतीत गळा, मनगटं आणि घोटे लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी क्रूसाला जखडत, बुडाखाली टेकायला लाकडाचा तुकडा असे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी भाले खुपसत, बरगड्यांखालून तिरके वर खांद्याकडे. सांगतात की गोन्सालो पुढं होऊन एका क्रूसाशी गेले आणि विचारलं, "हा माझा का?" शिपायानं दुसरा दाखवला. तिथं त्यांनी गुडघे टेकले आणि क्रूसाला मिठी मारली. पहिला कोण गेला यावर वसईत आणि मेक्सिकोत वेगवेगळं सांगितलं जातं. फेलिपेचा गळा कड्यात आवळला गेला म्हणून त्याला आधी भाले मारले, असं मेक्सिकोत सांगतात. आपण यात चढाओढ करू नये.

क्रूसावर कोण काय करत होतं हे त्याच वर्षी लिहिलेल्या वृत्तांतात आहे, आणि चर्चच्या दैनिक प्रार्थनेत ६ फेब्रुवारीला तेच वाचलं जातं. पॉल मिकी हा जपानी येशूसंघीय क्रूसावरून प्रवचन देत होता, मी जपानी आहे आणि सुवार्ता सांगितली म्हणून मरतोय, मारणाऱ्यांना मी क्षमा करतो, असं. बंधू मार्तीन स्तोत्रं गात होते. तेरा वर्षांचा अंतोनियो 'लेकरांनो, प्रभूची स्तुती करा' हे स्तोत्र गात होता. आणि बंधू गोन्सालो मोठ्यानं 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' आणि 'नमो मरिया' म्हणत होते. एवढंच. पंचवीस वर्षं ज्या माणसानं दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेली, गव्हर्नरांची, धर्मगुरूंची, राजांची, त्यानं शेवटी घरी आईजवळ शिकलेल्या दोन प्रार्थना म्हटल्या. वकिलातीचं एकही वाक्य नाही, स्वतःचा बचाव नाही. जपानी येत असूनही नाही. त्यांच्या साक्षीचा गाभा मला इथं दिसतो. जहाजाच्या वादात अडकलेला माणूस त्या घडीला जहाजाबद्दल बोलला असता.

पुढचं थोडक्यात. १६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सव्वीसही जणांना संतपद दिलं. सण ६ फेब्रुवारीला येतो, कारण ५ तारीख संत अगाथाची. वसईत मात्र मधल्या काळात १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले आणि किल्ल्यातली चर्चेस ओस पडली. गासच्या चर्चला आज त्यांचं नाव आहे, वसईच्या महाविद्यालयाला आहे. ते पुन्हा घरोघरी पोचायला मोठा काळ जावा लागला.

नागासाकीत या रक्तानं काय केलं तेही मुलाला सांगा. छळ वाढत गेला, धर्मगुरू संपले, अडीचशे वर्षं दारं बंद राहिली. संतपद जाहीर झाल्यावर फ्रेंच धर्मगुरूंनी तिथं ओउरा इथं या सव्वीस जणांच्या नावानं चर्च बांधलं, निशिझाकाच्या दिशेला तोंड करून. १७ मार्च १८६५ रोजी जवळच्या उराकामी खेड्यातले काही लोक तिथं आले. एक बाई फादर पेतीजाँ यांच्या कानाशी पुटपुटली की आमचं आणि तुमचं हृदय एकच आहे, आणि मग तिनं विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठं आहे? सात पिढ्या त्या लोकांनी लपून प्रार्थना जपल्या होत्या. त्यात 'नमो मरिया'ही होती.

येत्या ६ फेब्रुवारीच्या आत एका रविवारी मिस्सानंतर मुलाला किल्ल्यात घेऊन या, शक्यतो सकाळी, ऊन चढायच्या आत. येशूसंघीय चर्चच्या त्या खांबांपाशी उभं राहून त्याला सव्वीस नावं एकदा मोठ्यानं वाचू द्या. एक गोन्सालो वसईचे, बाकी पंचवीस आपल्याला ऐकून नवी. वाचून झाल्यावर तो नक्की काहीतरी नवं विचारेल. ते मला कळवा.